हरवलेल्या मांजराचं गाणं

सुरुवात ड्रमने होते. ठेका आता बसला असं वाटतं, तोच तो सुटतो. मग दोन गिटारी येतात. त्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, ड्रमशी तर नाहीतच. वर दोन तरुणींचे सपाट, गंभीर आवाज. फूट फूट नावाचं मांजर हरवलं आहे आणि त्याचा शोध चालू आहे. 'द शॅग्ज' या अमेरिकन बँडचं 'माय पाल फूट फूट' पहिल्यांदा ऐकणारा बहुधा अर्ध्या मिनिटात हसतो. कुणी तिथेच बंद करतं, कुणी पुन्हा लावतं, आणि या दोन पंथांचं भांडण चाळीसहून अधिक वर्षं मिटलेलं नाही.

हे गाणं ज्या रेकॉर्डवर आहे, ती 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' 1969 मध्ये निघाली. बँडमधल्या हेलन, डॉट आणि बेटी विगिन या तिघी सख्ख्या बहिणी, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या फ्रेमाँट या छोट्या गावच्या. त्यांचे वडील ऑस्टिन विगिन यांचं भविष्य ऑस्टिनच्या आईने हात पाहून सांगितलं होतं: तांबूस-सोनेरी केसांची बायको मिळेल, आईच्या पश्चात दोन मुलगे होतील आणि मुली नावाजलेला बँड काढतील. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या ठरल्या. तिसरी खरी करण्याचं ऑस्टिननी मनावर घेतलं. मुलींना शाळेतून काढलं, वाद्यं आणली, शिकवणी लावली आणि रोजची तालीम सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी गावच्या टाउन हॉलमध्ये त्या वाजवत आणि गावातली पोरं टिंगल करत. मॅसॅच्युसेट्समधल्या रिव्हिअरच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. हजार प्रती काढायच्या ठरल्या, पण त्यातल्या बहुतेक कुटुंबाच्या हाती लागल्याच नाहीत. 1975 मध्ये वडील गेले आणि बँड त्याच वर्षी थांबला.

1980 मध्ये ही रेकॉर्ड पुन्हा निघाली, ती 'एनआरबीक्यू' या बँडमधल्या दोघा वादकांच्या खटपटीमुळे. तेव्हापासून तिला भक्त मिळत गेले. 'निर्वाणा' या बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या पन्नास रेकॉर्डच्या यादीत तिला जागा दिली. 2000 मध्ये अर्विन चुसिड यांनी अशा चाकोरीबाहेरच्या संगीतावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि 'आउटसायडर म्युझिक' हे नाव रूढ झालं.

या भक्तांचा आवडता शब्द म्हणजे निरागस. शॅग्जवर सगळ्यात मोठा अन्याय करतो तो हाच शब्द. ध्वनिमुद्रणाच्या वेळी या बहिणी विशीच्या आसपासच्या होत्या आणि त्यांनी तासन् तास तालीम केलेली होती. त्यांना निरागस म्हणणं म्हणजे त्यांच्या मेहनतीकडे पाठ फिरवणं. टिंगल करणारा निदान त्यांना वादक समजून नापास करतो. निरागसपणाचं कौतुक करणारा त्यांना परीक्षेलाच बसू देत नाही.

नीट ऐकलं तर या गाण्यांत एक शिस्त सापडते. डॉटची चाल शब्दांच्या मागून जाते. ओळीत अक्षरं वाढली की चालही वाढते, मग मात्रांचा हिशेब राहो वा न राहो. भजनात पेटी गाणाऱ्याच्या गळ्यामागोमाग जाते, तशी डॉटची गिटार बहुतेक वेळ स्वरागणिक गळ्याला धरून असते. आणि त्या आडवळणाच्या चालीवर बेटीचा आवाज डॉटच्या सोबत राहतो. कसंही गाणाऱ्या दोघींना एकच आडवळण मिळून घेता येत नाही. त्यासाठी ते पाठ असावं लागतं. हेलनचा ड्रम मात्र स्वतःच्या वाटेने जातो, आणि कानांना सगळ्यात जास्त छळतो तोही तोच.

ज्याला हे सोसत नाही, त्याचे कान खोटं सांगत नाहीत. वर्षानुवर्षं रियाज केलेल्या माणसाला कणसूरही बोचतो, आणि इथे तर अख्खं वाद्यच न लावलेलं. त्याने हे संगीत आवडून घ्यावं असा आग्रह धरणं हा निव्वळ दांभिकपणा. पण सुरात नसलेल्या सगळ्यांना तो एकाच पोत्यात भरतो, तिथे त्याचंही चुकतं. फ्लोरेन्स फॉस्टर जेन्किन्स या श्रीमंत हौशी गायिकेने 25 ऑक्टोबर 1944 रोजी, वयाच्या 76 व्या वर्षी, न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल भरून दाखवला. लोक हसायलाच आले होते, पण मंचावर जायचं तिने स्वतः ठरवलं होतं. डॅनिएल जॉन्स्टन घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात हातोहात वाटायचा. मानसिक आजाराशी झुंजत गाणी रचणाऱ्या या माणसाला आपण प्रसिद्ध व्हावं असं मनापासून वाटत होतं.

विगिन बहिणींना मात्र कुणी विचारलंच नव्हतं. बँड ही वडिलांची इच्छा होती, हे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं. म्हणून त्यांच्या रेकॉर्डमध्ये मुक्त, बंधनं झुगारणारी कला शोधणाऱ्यांचं काहीतरी चुकतं. तिथे ऐकू येतो तो आज्ञाधारकपणा. सांगितलं म्हणून रोज वाद्य उचलणाऱ्या मुली, आणि त्या सक्तीतही डॉटने आपल्या हरवलेल्या मांजरासाठी करून ठेवलेली जागा. हे एकदा कळलं की हसू आपोआप ओसरतं. रेकॉर्ड मात्र पुन्हा लावावीशी वाटते.

हेलन 2006 मध्ये वारली. 2017 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या एका संगीत महोत्सवात डॉट आणि बेटी पुन्हा उभ्या राहिल्या, या वेळी फक्त गायला. साथीला तयारीचे वादक होते. त्यांनी जुनी रेकॉर्ड ऐकून प्रत्येक जागा पाठ केली होती. हेलनचा ठेका जिथे सुटतो, तिथे तो तसाच सुटावा म्हणून त्यांनाही तालीम करावी लागली.