कंबरडं मोडलं तर उचलायची घाई नको



उन्हाळा लागला की आपल्या हसनाबाद भागात दोन कामं हमखास निघतात. एक विहिरीचा गाळ काढणं, दुसरं शेळ्यांसाठी झाडावर चढून पाला पाडणं. दोन्ही कामांत माणूस पडतो. पीक गेलं तर पंचनामा तरी होतो. कर्त्या माणसाचं कंबरडं गेलं तर अख्खं घर बसतं. म्हणून आज खताबियाण्यांचं बाजूला ठेवून पाठीच्या कण्याविषयी लिहितो.

माझ्या फिरतीच्या एका गावात चाळिशीतला शेतकरी लिंबावरून पडला. लोकांनी हातापायाला धरून उचललं, जीपमध्ये बसवून नेलं. पाय हलत होते, म्हणून मुका मार समजून शेकण्या-चोळण्यात सहा महिने गेले. तोवर पाठीला कुबड आलं. आता त्याला उताणं झोपता येत नाही, बांधापर्यंत गेला की खाली बसतो.

असं का होतं? उंचावरून पडल्यावर मोठा दाब येतो तो छाती आणि कंबर जुळते तिथल्या मणक्यावर. मणका पुढून पिचतो, पाचरीसारखा होतो. मागचे बंधही तुटले असतील तर धड दिवसेंदिवस पुढं कलत जातं. आतल्या मज्जारज्जूवर दाब वाढला तर आज हलणारे पाय उद्या लुळे पडू शकतात.

वेळेवर फोटो निघाला तर काहींना पट्टा आणि विश्रांती पुरते, काहींना स्क्रू बसवावे लागतात. कुबड पक्कं झालं तरी इलाज आहे, पण तो मोठा. मागून मणक्याचा पाचरीएवढा भाग कापून काढतात, फट मिटवून पाठ सरळ करतात आणि वरखालचे मणके टायटॅनियमच्या स्क्रू-सळयांनी जखडतात. हाड जुळायला महिने लागतात. विडी ओढणाऱ्याचं आणखी उशिरा जुळतं. मज्जारज्जूला धोका असतोच. पाठ सरळ होते, दुखणं कमी होतं. पण मज्जारज्जू पुरता तुटला असेल तर गेलेली ताकद या शस्त्रक्रियेनं परत येत नाही. तशी हमी कुणी देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा.

म्हणून खरा इलाज पडल्या जागी सुरू होतो. जखमीला उठवू नका, बसवू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर चार-पाच जणांनी डोकं, धड, पाय एका रेषेत धरून एकदम कुशीवर वळवा, खाली फळी किंवा दाराची फळकी सरकवा. मानेच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावा. चोळणाऱ्याकडं नेऊ नका.

खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी विचारा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव कायमचे निकामी झाल्यास २ लाख रुपये मिळतात. ज्यांचं नाव योजनेला आहे ते मुंडेसाहेबही ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातातच गेले. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं ३० दिवसांच्या आत करायचा असतो. दुःखात मुदत निघून जाते, म्हणून भावकीतल्या एकानं कागदपत्रांचं काम अंगावर घ्यावं.

ग्रामपंचायतींना एक विनंती. सभामंडपाला, कमानीला पैसा निघतो. मग एका स्ट्रेचरला का निघू नये? ते पंचायतीच्या ओट्यावर ठेवा आणि दहा पोरांना जखमी कसा उचलायचा ते आरोग्य केंद्रातून शिकवून घ्या. झाडावर चढताना कमरेला दोर बांधा, विहिरीत उतरण्याआधी यारीचा दोर तपासा. दोराला पैसे थोडे लागतात, मोडलेल्या मणक्याला जमीन विकावी लागते.