परवाना आणि नोंद

अमेरिकेत लग्न करावयाचे तर आधी परवाना काढावा लागतो, हे मराठी कानाला काहीसे विचित्र वाटते. परवाना म्हटले की आपल्याला वाहन, बंदूक किंवा मद्यविक्री आठवते. विवाह आठवत नाही. आपल्या नित्याच्या व्यवहारात विवाहाची 'नोंदणी' होते, म्हणजे आधी विवाह आणि मग कागद. तिथे आधी कागद आणि मग विवाह. हा केवळ कार्यालयीन क्रमाचा फरक आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाने या दोन शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे. परवाना देणारा नकारही देऊ शकतो. नोंद करणारा घडलेले लिहून घेतो. एकाच टेबलावर, बहुधा एकाच कारकुनाच्या हातून होणाऱ्या या दोन क्रिया मुळात परस्परभिन्न आहेत. अमेरिकेतील विवाहाच्या इतिहासातला बराचसा अन्याय पहिल्या क्रियेने घडवला आणि त्या अन्यायाची स्मृती दुसऱ्या क्रियेने जपली. राज्यसंस्थेला विवाहाची नोंद ठेवण्याचा अधिकार असावा, अनुमती देण्याचा नसावा, हे मत मला इथे मांडावयाचे आहे.

प्रथम व्यवहार पाहू. अमेरिकेत विवाहाचा कायदा राज्याचा असतो, कागद मात्र बहुतेक ठिकाणी काउंटीचा. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. वधूवरांनी काउंटी क्लार्कच्या कार्यालयात जायचे (काही राज्यांत हे काम मृत्युपत्रे आणि वारसा पाहणाऱ्या न्यायालयाकडे असते), ओळखपत्रे दाखवायची, वय आणि पूर्वीच्या विवाहांची माहिती शपथेवर द्यायची, शुल्क भरायचे. टेक्सासमध्ये परवाना हाती आल्यावर सामान्यतः ७२ तास थांबावे लागते, न्यूयॉर्कमध्ये २४. नेवाडात थांबावेच लागत नाही. लास वेगास ज्या काउंटीत आहे तेथील परवाना कार्यालय तर मध्यरात्रीपर्यंत उघडे असते. परवान्याला मुदतही असते: न्यूयॉर्कमध्ये ६० दिवस, कॅलिफोर्नियात ९०. त्या मुदतीत अधिकार असलेल्या व्यक्तीने, मग ती न्यायाधीश असो, पाद्री असो वा पुरोहित, विवाह लावून त्याच कागदावर सही करायची आणि तो काउंटीकडे परत पाठवायचा. मराठी पद्धतीच्या लग्नातही अक्षता पडल्यावर गुरुजींची सही त्या कागदावर लागते. परत आलेला कागद दप्तरी दाखल झाला की परवान्याची नोंद झाली.

हा परवाना अमेरिकेने इंग्लंडकडून घेतला. तिथे विवाहापूर्वी चर्चमध्ये तीन वेळा जाहीर घोषणा करण्याची रीत होती, जेणेकरून कोणाची हरकत असल्यास ती पुढे यावी. ज्यांना ही घोषणा टाळायची असे, ते बिशपच्या कार्यालयातून परवाना काढीत. म्हणजे परवाना हा मूळचा सवलतीचा कागद. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण ठाऊक असते. २७ नोव्हेंबर १५८२ रोजी वूस्टरच्या बिशपच्या नोंदवहीत शेक्सपिअरच्या परवान्याची नोंद झाली, तीत वधूचे नाव अ‍ॅन व्हेटली असे आहे. दुसऱ्याच दिवशीच्या हमीपत्रात ते अ‍ॅन हॅथवे आहे. बहुतेक अभ्यासक याला कारकुनाची चूक मानतात. पण त्या एका चुकीतून काही चरित्रकारांनी शेक्सपिअरच्या आयुष्यात एक दुसरी स्त्री उभी केली. दप्तर बोलते, पण ते कारकुनाच्या हस्ताक्षरात बोलते, एवढे भान या उदाहरणाने यावे.

सवलतीचा हा कागद अमेरिकेत अनुमतीचा कागद झाला, आणि त्या अनुमतीचा सर्वांत मोठा उपयोग वर्णभेदाची भिंत राखण्यासाठी झाला. व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्याने गोऱ्या व्यक्तीला अन्य वंशाच्या व्यक्तीशी विवाह करण्याची बंदी घातली आणि अर्जदारांनी सांगितलेल्या वंशाबद्दल खात्री पटेपर्यंत परवाना रोखून धरण्याचे काम क्लार्कवर सोपवले. रिचर्ड लव्हिंग हे गोरे, आणि मिल्ड्रेड जेटर या कृष्णवर्णीय व मूळ अमेरिकी वंशाच्या. दोघांनी जून १९५८ मध्ये राजधानी वॉशिंग्टनला जाऊन रीतसर परवाना काढला, विवाह केला आणि ते व्हर्जिनियातील कॅरोलाइन काउंटीत परतले. जुलैमध्ये मध्यरात्रीनंतर शेरीफ त्यांच्या शयनगृहात शिरला. विवाहाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले होते. ते इथे चालत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. जानेवारी १९५९ मध्ये न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि दोघांनी पंचवीस वर्षे राज्यात एकत्र पाऊल ठेवू नये, या अटीवर ती स्थगित केली. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे सर्व कायदे रद्द ठरवले. त्या दिवशीही १६ राज्यांत ते कायदे शिल्लक होते.

परवान्याच्या टेबलावर शब्दांचे अर्थ कसे लावले जात, याचे कॅलिफोर्नियातील उदाहरण भाषेच्या वर्गात आवर्जून सांगण्याजोगे आहे. तेथील कायद्याने गोरी व्यक्ती आणि 'निग्रो, मुलॅटो किंवा मंगोलियन' यांच्या विवाहाला परवाना देण्यास मनाई केली होती. साल्वादोर रोल्दान या फिलिपिनो पुरुषाला लॉस एंजेलिस काउंटीने गोऱ्या स्त्रीशी विवाहाचा परवाना नाकारला. १९३३ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की फिलिपिनो हे 'मलय' आहेत आणि कायद्यातील 'मंगोलियन' या शब्दात मलय येत नाहीत. रोल्दान जिंकले. त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्याच्या यादीत 'मलय' हा शब्द वाढवला! पुढे अँड्रिया पेरेझ आणि सिल्वेस्टर डेव्हिस यांना त्याच काउंटीने परवाना नाकारला, आणि १९४८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. त्या वंशवाचक संज्ञांचा निश्चित अर्थ लावता येत नाही, हेही निकालपत्रातले एक कारण होते. हा खटला 'पेरेझ विरुद्ध शार्प' म्हणून ओळखला जातो. शार्प हे तेव्हाचे काउंटी क्लार्क.

याच कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबी शेतकरी गेले होते. कायद्याच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस सामान्यजनांच्या समजुतीनुसार 'गोरा' नाही असे ठरवले. मग तो कोणाशी विवाह करू शकतो? याचे उत्तर प्रत्यक्षात क्लार्कच्या डोळ्यांवर अवलंबून राहिले. अर्जदार स्त्रीपुरुषांचा वर्ण एकसारखा दिसला की परवाना मिळे; आणि यातूनच इम्पीरियल व्हॅलीसारख्या भागात पंजाबी पुरुष आणि मेक्सिकन स्त्रिया यांची शेकडो कुटुंबे उभी राहिली. करेन लिओनार्ड यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या समाजाचा इतिहास लिहिला, आणि त्यासाठी त्यांना काउंट्यांच्या विवाहनोंदी उपयोगी पडल्या. ज्या टेबलावर वर्ण निरखला गेला, त्याच टेबलावरच्या वहीने त्या माणसांची आठवण राखली.

नोंदीचे मोल याहूनही स्पष्टपणे दिसते ते १८६६ च्या वह्यांत. गुलामगिरीत कृष्णवर्णीयांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. मालकाच्या मर्जीने नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी विकली जाई. टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) या कादंबरीत सेथला आपल्या सहजीवनाला काही समारंभ असावा असे वाटते आणि मालकिणीला त्याचे हसू येते. तो प्रसंग शिकवताना या वह्या जवळ असाव्यात. गुलामगिरी संपल्यावर नॉर्थ कॅरोलायनाने १८६६ मध्ये कायदा केला की मुक्त झालेल्या जोडप्यांनी काउंटीच्या क्लार्कपुढे वा दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन आपण पतिपत्नी म्हणून केव्हापासून राहत आहोत हे सांगावे, आणि २५ सेंट देऊन ते लिहवून घ्यावे. व्हर्जिनियातील अशा वह्यांत वय, जन्मस्थान, व्यवसाय, मुलांची नावे, सहजीवनाचा आरंभ आणि शेवटच्या मालकाचे नाव असे रकाने आहेत. इथे कोणी परवानगी मागत नव्हते. विवाह वर्षानुवर्षे चालत आलेला होता. सरकार फक्त उशिरा पोहोचले होते. नोंद या शब्दाचा शुद्ध अर्थ मला या पानांत दिसतो.

आज या नोंदी शोधणे पुष्कळसे सुकर झाले आहे. संपूर्ण देशाची अशी एक विवाहवही नाही, त्यामुळे काउंटी कोणती हे आधी ठरवावे लागते. आणि ती वधूच्या घरची असेलच असे नाही, कारण जिथे प्रतीक्षा कमी तिथे जोडपी जात. मग वर आणि वधू यांच्या नावांच्या स्वतंत्र सूच्या पाहायच्या, आडनावाची चार-पाच स्पेलिंगे धरून पाहायची. काही ठिकाणी हाती काहीच लागत नाही. १८७१ च्या शिकागोच्या आगीत कुक काउंटीच्या त्यापूर्वीच्या विवाहनोंदी जळाल्या. नोंद कोणाला पाहता यावी, याचे उत्तरही राज्यागणिक बदलते. टेक्सासमध्ये ती कोणालाही मागता येते. न्यूयॉर्क शहरात ५० वर्षांच्या आतली नोंद सर्वांना खुली नसते. कॅलिफोर्नियात तर एकत्र राहणाऱ्या जोडप्यासाठी गोपनीय विवाहाची तरतूद आहे. मला न्यूयॉर्कची रीत योग्य वाटते. हयात माणसाला खाजगीपणा हवा आणि इतिहासाला कागद हवा. या दोहोंचा मेळ काळ जाऊ दिल्यानेच बसतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. परवाना नसेल तर बालविवाह आणि द्विभार्या कशा रोखायच्या? परंतु अनुभव काय सांगतो? २०१८ मध्ये डेलावेअरने बंदी घालीपर्यंत अमेरिकेतल्या एकाही राज्याने १८ वर्षांखालील विवाह संपूर्णपणे बंद केलेला नव्हता. पालकांची वा न्यायाधीशाची संमती दाखवून अल्पवयीनांना परवाना मिळत असे, आणि अनेक राज्यांत तो आजही मिळतो. लव्हिंग दांपत्यासारख्या सज्ञानांना ज्या व्यवस्थेने नाकारले, तिने मुलींना कागद दिला. अट असावी, ती कायद्यात असावी आणि शपथेवर घ्यावी. खोटी शपथ घेणाऱ्याला शिक्षा व्हावी. त्यासाठी क्लार्कची अनुमती लागत नाही. अलाबामा राज्याने ऑगस्ट २०१९ पासून नेमके हेच केले आहे. तिथे परवाना उरला नाही. जोडपे प्रतिज्ञापत्रावर सही करते आणि न्यायालय ते नोंदवते. यामागचा हेतू मात्र उदार नव्हता. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळाल्यावर तेथील काही न्यायाधीशांनी कोणालाच परवाने देणे बंद केले होते, आणि त्यांची सोय पाहण्यासाठी ही वाट काढली गेली. ज्या राज्याच्या घटनेतून आंतरवंशीय विवाहबंदीचे कलम काढायला २००० साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही सुमारे ४० टक्के मतदारांनी ते राहू द्यावे असे मत दिले, त्याच राज्याने परवाना मोडीत काढावा, ही इतिहासाची गंमत आहे. हेतू काहीही असो, व्यवस्था योग्य आहे.

आपल्याकडे परवाना नाही, म्हणून आपण निश्चिंत राहावे असेही नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये विवाह करणाऱ्यांनी ३० दिवस आधी नोटीस द्यायची असते. ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि नोटिशींची वही कोणालाही विनाशुल्क पाहता येते. चर्चमधल्या त्या जुन्या घोषणेचे हे दूरचे भावंड. जातीबाहेर वा धर्माबाहेर विवाह करणाऱ्या मुलामुलींसाठी ते ३० दिवस कसे जातात, हे आपल्या महाविद्यालयांत वेगळे सांगायला नको. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडावी असा निर्णय दिला, तो मला सर्वस्वी मान्य आहे. विवाहानंतर उघडलेली वही स्मृती जपते. विवाहाआधी उघडलेली वही माग काढणाऱ्यांच्या कामी येते.

विवाहाची कागदपत्रे वर्गात संहिता म्हणून वाचली जावीत, असा माझा आग्रह आहे. अर्जातला प्रत्येक रकाना हा एक प्रश्न असतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याला काय ठरवायचे आहे हे त्यातून कळते. वंशाचा रकाना व्हर्जिनियाच्या अर्जात थेट २०१९ पर्यंत टिकून होता. तीन जोडप्यांनी फिर्याद केल्यावर संघीय न्यायालयाने तो भरण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. ५२ वर्षांपूर्वी निकाल लागला होता, बंदी उठली होती, तरी रकाना उरला होता. विद्यार्थ्यांनी कादंबरीतले मौन वाचायला शिकावे असे आपण म्हणतो. त्यांना हा छापील रकानाही वाचता आला पाहिजे.