संक्रांत आणि अंगावर काढलेली दुखणी

संक्रांतीला सुगडे पुजली जातात आणि तिथून थेट रथसप्तमीपर्यंत आपल्या घराघरांत हळदीकुंकवाची लगबग सुरू राहते. एरवी कामाच्या रगाड्यात न भेटणाऱ्या बायका तिळगूळ घेता घेता मुलांच्या परीक्षांपासून सासूबाईंच्या गुडघेदुखीपर्यंत सारे बोलून घेतात. ‘अंगावरून पांढरं जातंय गं’ हे मात्र निघताना, दाराशी, कुजबुजत सांगितले जाते.

१९८९ च्या जानेवारीत, याच पर्वकाळात, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासले, तर ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी आणि उपचार लाभले होते अवघ्या ८ टक्क्यांना. हे सारेच रोग शरीरसंबंधातून आलेले नव्हते, पण दुखणे अंगावर काढण्याची आपली रीत किती खोल रुजली आहे, ते त्या आकड्यांनी दाखवले.

शरीरसंबंधातून येणारे जिवाणू तर बहुधा कुजबुजतही नाहीत. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही, परम्याचेही (गनोरिया) अनेकदा तसेच; आणि तोवर संसर्ग गर्भाशयातून नलिकांपर्यंत चढतो, ओटीपोट दुखू लागते, मूल राहण्याची वाट बंद होऊ शकते. गर्मीची (सिफिलिस) पहिली जखम दुखत नाही, आत असली तर दिसतही नाही. उलट पांढरे जाणे पुष्कळदा बुरशीमुळे असते, आणि अशा बाईवर उगाच संशयाचा डाग लागतो. म्हणूनच लक्षणे नुसती ऐकून औषध देणे पुरेसे नाही. पडद्याआड, धीर देत केलेली आतली तपासणी, गर्मीसाठी रक्ताची चाचणी आणि जिथे सोय असेल तिथे जिवाणूंचा अंश शोधणारी स्वॅबची चाचणी हवी. हा स्वॅब बाईला स्वतःलाही घेता येतो. गरोदरपणातल्या पहिल्याच भेटीत गर्मीसाठी रक्त तपासले, तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने पोटातले बाळही वाचते.

सरकारी रुग्णालयांतली ‘सुरक्षा क्लिनिक’ याचसाठी आहेत, मोफत आहेत. वाण म्हणून डबे-वाट्या लुटताना त्यांचा पत्ताही हातोहाती पोचवणे आपल्याला अवघड नाही. आणि ज्यांना कुंकवाचे बोलावणे जात नाही, त्या विधवा बहिणींपर्यंत तर तो आधी पोचायला हवा.

पुरुषांनीही हे वाचावे. बायकोला शरीरसंबंधातून आलेल्या संसर्गाचे निदान झाले की नवऱ्याने तिच्याबरोबरच तपासून घ्यायचे असते, औषधही घ्यायचे असते. नाहीतर बरी झालेली बाई पुन्हा त्याच दुखण्यात पडते, आणि बोल तिलाच लागतो.