सागरेश्वरची हरणे आणि बहात्तर सालचा ससा

जतच्या माळावर वाढलेल्या माणसाला जंगल ठाऊक नसते. बाभळ, बोर, दगड आणि वारा एवढेच त्याचे रान. म्हणून मागच्या रविवारी आम्ही आणि आमचे एक बालमित्र भाकरी-ठेचा बांधून पहाटेच्या एस.टी.ने निघालो. सांगलीत गाडी बदलली, ताकारीला उतरलो आणि रिक्षाने सागरेश्वर अभयारण्य गाठले. मित्र एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांना तिकिटे दिली, पण आपल्याच जिल्ह्यातले हे ठिकाण त्यांनी पाहिले नव्हते.

हे जंगल आयते मिळालेले नाही. हे डोंगरही एके काळी आमच्या माळासारखेच बोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लावली गेली, जगवली गेली, मग हरणे आणून सोडली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. पण चितळ, सांबर, काळवीट, मोर सारे तिथे आहेत.

चालता चालता चितळांचा कळप आडवा आला. एक मादी थांबली आणि आमच्याकडे पाहत राहिली. मित्र हळूच म्हणाले, "गड्या, आपल्याकडं बघतंय, पण पळंना."

मग ते बराच वेळ बोललेच नाहीत. झाडाखाली भाकरी सोडल्यावर त्यांनी मन मोकळे केले. १९७२ च्या दुष्काळात त्यांचे वडील खडी फोडायच्या कामावर होते. घरी मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. एका रात्री वडिलांनी माळावर फासकी लावून ससा धरला. आईने पाणी वाढवून कालवण केले आणि पाच लेकरांना पुरवले.

"त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो. पण दुष्काळ सरला तरी फासकी सुटली न्हाई. तरणेपणी मीबी लावली, चार पोरांत मिरवायला. आता नातू कुत्री घेऊन माळावर जातोय. बानं केलं ते पाप म्हणू, तर नातवाला काय सांगू?"

प्रश्न अवघड होता. आम्हाला बाबासाहेब आठवले. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गरजेपोटी मारणे आणि मारायची इच्छा म्हणून मारणे यांत फरक केला आहे. आम्ही म्हणालो, "तुमच्या वडिलांना गरज होती. तुम्हाला आणि नातवाला कसली गरज?" मित्रांनी मान खाली घातली. रागावले मात्र नाहीत.

योगायोग असा, की वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ सालचाच. खडी फोडणाऱ्याला तो कोण सांगणार? आज मात्र ससा मारणेही गुन्हा आहे, हे आपल्या पोरांना ठाऊक हवे. आणि कायद्याच्या कितीतरी आधी सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत याची यादीच कोरून ठेवली. तथागतांनी पहिला उपदेश केला ती सारनाथची जागाही मृगदाव, म्हणजे हरणांचे वन. म्हणून तर धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना हरणे बसलेली दाखवतात. विहारात आपण ती रोज पाहतो, पण जिवंत हरीण आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

परतीच्या गाडीत मित्र म्हणाले, "पुढच्या महिन्यात नातवाला आणतो. बोलणार काहीच न्हाई. नुसतं त्या हरणासमोर उभं करतो. आणि ती फासकी माळ्यावर पडलीय अजून, ती आधी मोडतो."

वाचक बंधुभगिनींनो, एक रविवार काढून मुलांना सागरेश्वरला जरूर न्या. सकाळी लवकर जा, आवाज करू नका, भाकरीचे फडके आणि पिशव्या परत आणा. पहिले शील मुलांना पाठ असते. त्याचा अर्थ त्या हरणाच्या डोळ्यांत त्यांना लवकर कळेल.