मोर्चा हॉटेलवर कशाला?

गावाला न विचारता सरकार शंभरावर परके पुरुष आणून ठेवतं, तेव्हा गावाने चिडायचं नाही तर काय करायचं? एपिंगकरांचा हा प्रश्न मला रास्त वाटतो. लंडनच्या सेंट्रल लाइनवरचं शेवटचं स्टेशन असलेलं हे एसेक्समधलं छोटं गाव. तिथल्या बेल हॉटेलात ब्रिटिश गृहखात्याने आश्रय मागणाऱ्यांना ठेवलं. जुलै 2025मध्ये त्यांच्यातल्या एकावर चौदा वर्षांच्या मुलीच्या लैंगिक छळाचा आरोप आला, गाव रस्त्यावर उतरलं. आरोप पुढे कोर्टात सिद्धही झाला. हॉटेलचा वापर परवानगीविना बदलला, असं म्हणत जिल्हा कौन्सिलने दावा लावला. ऑगस्टमध्ये तात्पुरती मनाई मिळाली, दहा दिवसांत अपील कोर्टाने ती उठवली आणि नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने कायमची मनाईही नाकारली.

चिडलेल्या एपिंगकरांना वंशद्वेष्टे म्हणून हात झटकणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांच्या गल्लीत असं हॉटेल क्वचितच निघतं. डॉक्टरची वेळ मिळता मिळत नाही, शाळेत जागा नाही, त्यात निर्णय झाल्यावर गावाला कळवतात, ही तक्रार करणाऱ्या आईला शिवी देऊन प्रश्न सुटत नाही.

पण तक्रार रास्त असली की तिच्या मागे चिकटून येणारं सगळंच रास्त ठरत नाही. ‘यांना फुकट हॉटेल, मजा आहे!’ हे त्यातलंच एक. जेवण मिळणाऱ्या हॉटेलात माणसाच्या हातात आठवड्याला 9.95 पौंड पडतात. लंडनमध्ये तेवढ्यात दोन कॉफ्या आणि एक बसचं तिकीट. चूल नाही, स्वतःच्या हाताने भात शिजवायची सोय नाही. डब्यात येईल ते खायचं. काम करायला बंदी. अर्ज वर्षभर रखडला तरच कामाची परवानगी मागता येते, तीही सरकारी यादीतल्या ठरावीक कामांपुरती. आधी हात बांधायचे आणि मग ‘बसून खातात’ म्हणायचं!

मजा आहे ती वेगळ्यांची. निवासाची कंत्राटं 2019मध्ये तीन कंपन्यांना दिली तेव्हा दहा वर्षांचा खर्च 4.5 अब्ज पौंड धरला होता. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने 2025मध्ये सांगितलेला नवा अंदाज आहे 15.3 अब्ज. तेव्हा आश्रय निवासातली 35 टक्के माणसं हॉटेलांत होती, पण खर्चाचा 76 टक्के वाटा हॉटेलांचा होता. एपिंगच्या मोर्चात हे आकडे फलकांवर यायला हवे होते.

राहिला मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा. गुन्हेगाराला कोर्टाने शिक्षा दिली, ते योग्यच. पण एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना जबाबदार धरायचा हिशेब कुठे जाऊन थांबतो, ते 4 ऑगस्ट 2024ला रॉदरहॅमजवळच्या मॅनव्हर्समध्ये दिसलं. आत दोनशेच्या वर माणसं असताना जमावाने हॉटेलला आग लावली. निमित्त होतं साउथपोर्टमधल्या तीन मुलींच्या हत्येचं. मारेकरी होडीतून आलाय अशी अफवा उठली होती. तो निघाला कार्डिफला जन्मलेला.

आता आपल्याकडे वळतो. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या बोलण्यात हे हमखास येतं: ‘आम्ही व्हिसाचे पैसे भरले, वर दरसाल हजार पौंडांचा आरोग्य अधिभार भरतो, हे मात्र रांग मोडून फुकटात घुसतात.’ भुर्दंड खराच. पण आश्रय मागायला यायचा असा व्हिसाच ब्रिटन देत नाही. अर्ज करायचा तर आधी त्या भूमीवर पाय ठेवावा लागतो. मोजक्या देशांसाठीच्या खास योजना सोडल्या तर रांगच नाही, मग मोडली कुठली? आणि त्याच 2024च्या दंगलीत मिडल्सबरोच्या रस्त्यावर गाड्या अडवून ‘गोरे आहात का?’ विचारणाऱ्यांनी कुणाचाही व्हिसा तपासला नाही.

हॉटेल नको, हे मलाही मान्य. सरकारने मात्र त्यावर तोडगा काढला लष्करी छावण्यांचा. अशाच एका, नेपियर बराकीतली व्यवस्था हायकोर्टाने 2021मध्येच बेकायदा ठरवली होती. आणि मोठे तळ हॉटेलांपेक्षाही महाग पडतील, असं ऑडिट ऑफिसने 2024मध्ये बजावलं. शेकडो माणसांना एका कुंपणात कोंडलं की कुठलंही गाव बिथरणारच.

मग करायचं काय? ग्लासगोकडे बघा. तिथे 2000पासून ही माणसं साइटहिलच्या उंच इमारतींत आणली, शेजाऱ्यांची मनं तयार न करता. कुरबुरी झाल्या, 2001मध्ये एका तरुण कुर्दाचा खून झाला. पण माणसं राहत होती सदनिकांत, दाराला दार लागून. पोरं एकाच शाळेत. काही वर्षांतच त्या शहरातल्या किंग्जवेच्या बायका पहाटे उठून पहारा देऊ लागल्या, धरून न्यायला येणारी गृहखात्याची गाडी दिसली की आश्रित कुटुंबांना सावध करायच्या. शिकलेल्यांच्या चर्चासत्राने हे घडलं नसतं.

यावर आक्षेप येतो: घरं आहेत कुठे? खरंय. इंग्लंडमध्ये 1 लाख 30 हजारांवर बेघर कुटुंबं तात्पुरत्या निवासात आहेत, कारण 1980पासून कौन्सिलची घरं विकली आणि तेवढी पुन्हा बांधली नाहीत. म्हणून तर म्हणतो, हॉटेलांवर उधळला जाणारा पैसा कौन्सिलांना द्या, त्यांना घरं विकत घेऊ द्या, अर्जांचा निकाल महिन्यांत लावा, तोवर माणसांना कामाला जाऊ द्या. आश्रितांची संख्या घटली तर तीच घरं एपिंगच्या पोरांना भाड्याने देता येतील. हॉटेलवर गेलेला पैसा मात्र गेला तो गेलाच.