सरळ रेषा आणि मोकळी वाट

दोन शहरांमधले हवाई अंतर मोजायचे ते पृथ्वीच्या गोलाईवर, आणि गोलावरची सर्वांत आखूड वाट ही गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर कापलेल्या वर्तुळाचा, म्हणजे बृहद्वृत्ताचा, तुकडा असते. मुंबई ते लंडन हे अंतर या हिशेबाने सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो कराचीच्या आसपासून जातो आणि इराण, कॅस्पियनचे दक्षिण टोक, कॉकेशस व काळा समुद्र ओलांडून युरोपात उतरतो. हे अंतर कधी बदलत नाही. बदलते ती वेळ, कारण विमान ताणलेल्या दोऱ्यावरून नव्हे, तर मोकळ्या असलेल्या वाटेने जाते.

फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा पडला, इंधन जास्त लागले आणि प्रवासाचे तास वाढले. दुसरे कारण वाऱ्याचे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणाऱ्या हवेच्या अरुंद पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याच्यामुळे मुंबईहून सुमारे १२,५०० किलोमीटरवरच्या न्यूयॉर्कला जायला परतीपेक्षा सहसा अधिक वेळ लागतो. मुंबईच्या किनाऱ्यावरील मढच्या कोळीवाड्याला हे तत्त्व शिकवावे लागणार नाही, कारण शिडाच्या होड्यांच्या काळात पहाटेच्या मतलई वाऱ्याने, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने, बाहेर पडायचे आणि दुपारच्या समुद्री वाऱ्यावर परतायचे, हाच दर्याचा हिशेब होता. विमानाचा वेग ज्या नॉटमध्ये सांगतात तेही दर्यावर्दींचेच माप असून एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर.

तिसरे कारण थांब्यांचे. मढच्या दक्षिणेला, वेसाव्याच्या पलीकडे, जुहूची धावपट्टी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ या छोट्या विमानाने तेथे उतरले. ते सरळ न येता अहमदाबादला थांबून आले, त्यामुळे कराची-मुंबईचे जेमतेम ९०० किलोमीटरचे हवाई अंतर हजारावर गेले. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमानही कैरो आणि जिनिव्हा करतच लंडनला पोहोचले. थांबे गेले, तास उतरले. आज थेट उड्डाणाला साधारण साडेनऊ-दहा तास पुरतात. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ साडेपाच तास मागे असल्याने घड्याळावर मात्र चार-साडेचार तासच सरल्यासारखे दिसतात.

वेळापत्रकातला आकडा विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा असतो. त्यात घरापासून विमानतळापर्यंतची वाट मोजलेली नसते, आणि मढसारख्या गावाच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. मढहून सांताक्रूझचा विमानतळ सरळ रेषेत दहाएक किलोमीटरवर आहे, पण मध्ये मालाडची खाडी पडते. वेसाव्याची फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते, तरी जड बॅगा आणि म्हातारी माणसे सोबत असली की कुटुंबे एरंगळ, मार्वे, मालाड असा रस्त्याचा लांब वळसाच पत्करतात. या घरांचा परदेशप्रवास मार्वे रस्त्यावरच्या गर्दीतच सुरू झालेला असतो.