अक्षरांची वहिवाट

संगणकांचे जाळे सांभाळणारा मनुष्य चित्रांनी नटलेल्या पडद्यावर नव्हे, तर काळ्या खिडकीत टंकलेल्या आज्ञांवर आपले काम चालवितो, आणि आज्ञेपाठोपाठ आडव्या रेघेने जोडलेले एकेक अक्षर तिचा अर्थ ठरविते, हे त्या व्यवसायाबाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. परंतु बँकेपासून रेल्वेपर्यंत ज्या सेवांवर आपण विसंबून असतो, त्यांतील बिघाडाचा माग अखेर याच आज्ञांनी काढला जातो, म्हणून त्या अक्षरांत माजलेल्या बेबंदशाहीची तक्रार येथे गुदरणे गैर ठरू नये.

'एसएसएच'ने दूरच्या यंत्रात शिरताना पोर्टचा, म्हणजे त्या यंत्रातील प्रवेशद्वाराचा, क्रमांक लहान 'पी'ने सांगावा लागतो. त्याच कुटुंबातील 'एससीपी'ने त्याच यंत्राकडे फाइल धाडताना मात्र मोठा 'पी' हवा. यामागचे कारण रास्त आहे, कारण फाइलींची नक्कल करणाऱ्या 'सीपी' आणि 'आरसीपी' या पूर्वसूरींनी लहान 'पी' फाइलीच्या वेळा व परवानग्या जशाच्या तशा राखण्यासाठी आधीच अडवून ठेवला होता, आणि माहितीपुस्तिकेत तसा खुलासाही केलेला आहे. पण सवयीने लहान 'पी' आणि पुढे २२२२ लिहिणाऱ्याला तो खुलासा कोण वाचून दाखविणार? आज्ञा २२२२ला फाइलीचे नाव समजते आणि जोडणी नेहमीच्या २२ क्रमांकावरच करू पाहते.

तेथे निदान काहीतरी अडते. जाळ्यावरून मजकूर उतरविणाऱ्या 'कर्ल'मध्ये लहान 'ओ'पुढे फाइलीचे नाव दिले, की उतरवून घेतलेला मजकूर त्या फाइलीत जातो. तीच सवय घेऊन मनुष्य त्याच कामाच्या 'डब्ल्यूगेट'कडे वळला, तर तेथे लहान 'ओ' म्हणजे कामाच्या नोंदींची फाइल. आज्ञा निमूटपणे पार पडते, आणि फाइल उघडावी तो आत मजकुराऐवजी जोडणीचा रोजनामचा! मजकूर आपल्या मूळ नावाने शेजारीच पडलेला असतो, हे लक्षात यायला वेळ लागतो. दूरच्या यंत्राला हाक मारून ते उत्तर देते का हे पाहणाऱ्या, १९८३ साली माइक म्यूस यांनी लिहिलेल्या 'पिंग'चीही गत निराळी नाही. विंडोजवर 'एन' किती वेळा हाक मारावयाची ते सांगतो, लिनक्सवर तेच काम 'सी' करतो, आणि 'एन'चा अर्थ पत्त्यांची नावे न शोधता केवळ आकडे दाखवावेत, असा होतो.

युनिक्सच्या वंशातील प्रणालींसाठी ठरविलेल्या पॉझिक्सच्या नियमांनी आज्ञेपुढची ही अक्षरे, म्हणजे पर्याय, कसे लिहावेत याची रीत घालून दिली, पण कोणत्या अक्षराचा कोणता अर्थ हा तंटा प्रत्येक आज्ञेच्या कर्त्यावर सोपविला. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाने अक्षरांच्या जोडीला लांब नावांची यादी पुढे ठेवली, हे त्याहून शहाणपणाचे. एकवाक्यता अशक्य आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. इंटरनेट पत्त्यांच्या दोन पिढ्यांपैकी एक निवडण्यासाठी 'एसएसएच', 'कर्ल', 'डब्ल्यूगेट' आणि लिनक्सचा 'पिंग' ४ आणि ६ हेच अंक वापरतात, आणि त्यासाठी कोणाला पुस्तिका चाळावी लागत नाही.

जुनी अक्षरे बदला, असे माझे म्हणणे नाही. असंख्य दफ्तरांतून रात्री आपोआप चालणाऱ्या आज्ञा त्यांच्यावर उभ्या आहेत, आणि तेथे सुधारकाचा उत्साह म्हणजे निव्वळ नासधूस. पण नवे साधन लिहिणाऱ्याला अक्षर मन मानेल तसे वापरण्याची मुभा असू नये. शेजारच्या आज्ञांत रूढ असलेला अर्थ त्याला पाळता येत नसेल, तर त्याने ते अक्षर रिकामे ठेवावे, म्हणजे चुकलेली आज्ञा 'असा पर्याय नाही' एवढे सांगून जागीच थांबेल. ज्या कुटुंबापासून ही तक्रार सुरू झाली, तेथे तर तोडगा आधीपासूनच हजर आहे: 'एसएसएच', 'एससीपी' आणि 'एसएफटीपी' या तिघांतही 'ओ' लिहून पुढे 'पोर्ट' हा शब्द व क्रमांक दिला, की अर्थ एकच निघतो. बोटांना ही रीत लांब वाटते, हे कबूल. परंतु लिहून ठेवावयाच्या आज्ञांत, ज्या उद्या दुसऱ्याच कोणाला वाचाव्या लागणार आहेत, तिचा अंमल करण्यास कोणाची हरकत नसावी.